हुकूम फुकट मिळतो तेव्हा : 'एम्पायर: टोटल वॉर'मधलं मराठा सैन्य

पेट किंवा सेट-नेटची तयारी करताना 'मॉडेल' आणि 'सिम्युलेशन' हे शब्द तुम्ही पाठ केलेच असतील. व्याख्या पाठ होते. पण समोर आलेलं मॉडेल तपासायचं कसं, हे नोट्समध्ये सापडत नाही. म्हणून आज एक मॉडेल घेऊन ते उसवून बघू. मॉडेल म्हणजे एक कॉम्प्युटर गेम आहे. हसू नका. मुलाखतीत 'इतिहासाची आवड कुठून लागली' असं विचारलं की निम्मी मुलं एखाद्या गेमचंच नाव मनातल्या मनात घेतात आणि तोंडानं कादंबरीचं सांगतात.

'एम्पायर: टोटल वॉर' हा गेम क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीनं बनवला आणि सेगानं मार्च २००९ मध्ये बाजारात आणला. म्हणजे जुना आहे, पण साध्या लॅपटॉपवर चालतो. मोहीम सुरू होते १७०० साली, वर्षाला दोन डाव, आणि ब्रिटन-फ्रान्सच्या रांगेत 'मराठा कॉन्फेडरसी' निवडता येते. आपल्याकडच्या खेळणाऱ्यांना मोह पडतो तो इथेच. मला या लेखात फक्त एक गोष्ट तपासायची आहे: या गेममध्ये सैन्याचे गट कसे बांधले जातात, त्यांच्यावर ताबा कसा ठेवला जातो, आणि त्यावरून मराठा सैन्याबद्दल आपण काही शिकतो का.

आधी यंत्रणा समजून घेऊ. एका सैन्यात जास्तीत जास्त वीस तुकड्या. प्रत्येक तुकडीचं एक कार्ड स्क्रीनच्या खालच्या पट्टीत दिसतं. चार-पाच कार्डं निवडली की त्यांचा गट बांधता येतो, गटाला आकडा मिळतो, आणि पुढे तो आकडा दाबला की सगळा गट एकदम हातात येतो. गटाला तयार रचना देता येतात: पायदळ पुढे, तोफा मध्ये, घोडदळ बगलेला वगैरे. एकट्यानं खेळत असाल तर लढाई थांबवून, चहा पीत पीत, वीसही तुकड्यांना वेगवेगळे हुकूम देता येतात. पुन्हा सुरू केलं की सगळे एकाच क्षणी हलतात. कोणी 'काय म्हणालात?' असं विचारत नाही.

तुकडी ऐकेनाशी होते ती एकाच कारणानं, मनोधैर्य खचलं तर. बगलेवर हल्ला झाला, शेजारची तुकडी पळाली, सेनापती पडला, की निशाण पांढरं लुकलुकायला लागतं आणि माणसं पाठ फिरवतात. हा भाग गेमनं उत्तम केलाय. एक तुकडी पळाली की दुसरी डळमळते, ही पळापळीची साथ पडद्यावर बघताना पोटात गोळा येतो. मराठी बखरी आणि पत्रांमध्ये 'फौजेचा धीर सुटला' असे शब्द वाचताना त्या वाक्यामागे नेमकं काय घडलं असेल, याचा अंदाज या गेममुळे येतो, हे मी मान्य करते.

आता तपासणी. अकरावीच्या फिजिक्सला गणिताखाली एक ओळ असायची, 'घर्षण नगण्य माना'. ती ओळ छापलेली असते म्हणून आपण फसत नाही. उत्तर आलं की आपल्याला माहीत असतं, हे गुळगुळीत जगाचं उत्तर आहे. 'एम्पायर'मध्ये हुकूम पोचायला लागणारा वेळ शून्य आहे, हुकूम चुकीचा समजण्याची शक्यता शून्य आहे, हुकूम समजूनही न पाळण्याची शक्यता मनोधैर्य शाबूत असेपर्यंत शून्य आहे. पण ही ओळ कुठेच छापलेली नाही. एखादी गोष्ट मॉडेलमध्ये 'नाही' आणि एखादी गोष्ट मॉडेलमध्ये 'शून्य धरली आहे', या दोन्हींतला फरक पहिल्या वर्षाच्या संशोधकाला फार उशिरा कळतो. वेळ 'नाही' असं म्हटलं की वाटतं लेखकानं तो विषय बाजूला ठेवला. पण खेळणाऱ्याच्या प्रत्येक क्लिकमध्ये तो शून्य भरलेला आहे आणि प्रत्येक निकाल त्या शून्यावर उभा आहे.

मग खऱ्या सैन्यात गट कशासाठी बांधत होते? आपल्याकडे याचं सर्वांत ओळखीचं साधन म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना त्यात आकड्यांनिशी दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजारींवर पंचहजारी, सगळ्यांवर सरनोबत. गुणाकार करून बघा. जुमलेदाराखाली १२५ बारगीर येतात, हजारीखाली १,२५० आणि पंचहजारीखाली ६,२५०. हजारीच्या हाताखाली हजार नाहीत. नावावरून आकडा गृहीत धरायचा नसतो, हे इथे आपोआप शिकायला मिळतं.

मला यात एक गोष्ट फार आवडते. कोणत्याही एका माणसाला थेट सांभाळावे लागणारे अधिकारी पाच किंवा दहा. गेम खेळणारा काय करतो? वीस कार्डं एकेक करून सांभाळता येत नाहीत, बोटं आणि डोळे कमी पडतात, म्हणून तो आपोआप चार-पाच गट बांधतो. कोणी शिकवलेलं नसतं. गेमच्या निर्मात्यांनी हवालदार-जुमलेदार घातले नाहीत, पण खेळणाऱ्याच्या लक्षाची मर्यादा खरी असल्यामुळे जुमलेदारासारखं काहीतरी तयार होतं. एवढं वाचून तुमच्या डोक्यात प्रबंधाचं शीर्षक फिरायला लागलं असेल. थांबा.

कारण सभासद नुसते आकडे देत नाही. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, जुमल्याला मुजुमदार, वरच्या पातळीला कारभारी, प्रत्येकाचा पगार, हेही तो सांगतो. पावसाळ्यात लष्करानं छावणीला यायचं, दसऱ्याला बाहेर पडायचं, परत येताना आणलेल्या मालाचा झाडा द्यायचा. म्हणजे हा गट पाण्याचा आहे, नालेचा आहे, पगाराचा आणि हिशोबाचा आहे. लढाईच्या मैदानात पंचवीस जणांना एका हाकेत वळवता यावं म्हणून तो पंचवीसचा होता, की एका पखालीच्या पाण्यात पंचवीस घोडी भागत म्हणून? नुसत्या आकड्यांवरून हे ठरवता येत नाही. आणि हाच प्रश्न गेम आपल्याला विचारू देत नाही, कारण त्यातला घोडा पाणी पीत नाही.

दुसरी खबरदारी साधनाबद्दल. सभासदानं बखर लिहिली ती १६९० च्या दशकात, जिंजीत, राजाराम महाराजांसाठी. महाराज जाऊन दहा वर्षं उलटून गेली होती आणि स्वराज्य प्राणांतिक संकटात होतं. अशा वेळी जुन्या व्यवस्थेचं वर्णन करणारा माणूस 'होतं' लिहितो की 'असावं' लिहितो? प्रत्येक तुकडी खरोखर पंचवीसची भरत होती, असं यावरून सिद्ध होत नाही. सुरेंद्रनाथ सेनांसारख्या अभ्यासकांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर शंभर वर्षांपूर्वी काम केलंय, ते वाचताना हा प्रश्न हातात धरून वाचा.

बारगीर आणि शिलेदार हा फरकही बघा. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. बारगिराचा घोडा मेला तर सरकार दुसरा देणार. शिलेदाराचा मेला तर त्याची भाकरी गेली. एकाच हाकेला हे दोघे सारखेच पुढे धावतील का? गेममध्ये मात्र 'बारगीर' हे नाव पायदळाच्या तुकडीलाही चिकटवलंय. घोडा नसलेला बारगीर! कोशातून चांगला वाटणारा शब्द उचलला की असं होतं. आपल्या कामातही होतं, फक्त आपलं कोणी इतकं उघड छापत नाही.

पण माझी मुख्य तक्रार नावाबद्दल आहे, 'कॉन्फेडरसी'बद्दल. १७०० साली शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले असा संघ अजून उभा राहायचा होता. ती पुढच्या काही दशकांची गोष्ट. ते एक वेळ सोडून देऊ. पण संघ म्हणायचं आणि सगळी सूत्रं एका माऊसला द्यायची, यातली विसंगती सोडवत नाही. १६८९ नंतरचं मराठा सैन्य ज्या कारणानं मोडलं नाही, ते कारणच मुळी ताबा विखुरलेला असणं हे होतं. छत्रपती जिंजीला, रामचंद्रपंत अमात्य महाराष्ट्रात, संताजी आणि धनाजी आपापल्या फौजा घेऊन शेकडो मैल फिरताहेत. औरंगजेबाला एक डोकं पकडून खेळ संपवता येत नव्हता. गेममधल्या मराठ्यांना तर डोकं एकच आहे, खुर्चीत बसलेलं.

या विखुरलेपणाची किंमतही होती आणि ती आपल्या उंबऱ्याशी मोजली गेली. १६९६ च्या सुमाराला राजाराम महाराज आणि संताजी घोरपडे यांच्यात बिनसलं, सेनापतिपद धनाजी जाधवांकडे गेलं, दोघांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या. १६९७ मध्ये एकटा पडलेला संताजी शंभू महादेवाच्या डोंगराच्या बाजूला मारला गेला, आणि मारणारा म्हणून नाव येतं म्हसवडच्या नागोजी मान्यांचं. माळशिरसच्या शीव ओलांडली की माण तालुका, त्यातलं म्हसवड. आता सांगा, 'एम्पायर'मध्ये ही घटना कशी घडवाल? घडवताच येत नाही. सेनापतीला कर्तबगारीचे तारे आहेत, पण त्याला मान-अपमान नाही. गंमत म्हणजे याच मालिकेतल्या आधीच्या 'मेडिव्हल टू'मध्ये सेनापतीच्या निष्ठेचा आकडा होता, आणि तो घसरला तर सैन्यासकट माणूस उलटू शकत होता. म्हणजे तंत्र हाताशी होतं. अठराव्या शतकात आल्यावर ते गळालं. अठरावं शतक म्हणजे शिस्तबद्ध पलटणींचं, हे युरोपचं चित्र सगळ्या जगाला लावलं गेलं असावं, असा माझा कयास आहे. कयासच म्हणते, कारण निर्मात्यांच्या मनातलं मला माहीत नाही.

पलटणी आणि घोडदळ यांच्यातलं घर्षण बघायचं तर पानिपत आहेच. १४ जानेवारी १७६१. इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ एका शिस्तीनं लढणारं, आणि सरदारांचं घोडदळ दुसऱ्या. नेहमी सांगितली जाणारी हकिकत अशी की विंचूरकर आणि गायकवाड यांची घोडी ठरलेल्या जागेवरून पुढे सरसावली आणि गोलाची रचना विस्कटली. दोष कोणाचा, यावर अजून वाद घालतात आणि घालोत. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की 'जागा धरून राहा' या हुकमाचा अर्थ गारद्याला आणि सरदाराला एकच लागत नव्हता. गेममध्ये दोघांची कार्डं एका गटात घातली की दोघंही सारखेच आज्ञाधारक होतात. लढाई हरण्याचं हे अख्खं कारण तिथे उरत नाही.

आता पाणी आणि चिखल. गेम सुरू होतो त्याच १७०० सालची गोष्ट. मुघल फौज त्या वेळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी, आणि तिची जी अवस्था झाली ती सोलापूर जिल्ह्यात. औरंगजेब या भागात नवखा नव्हता. संभाजी महाराज पकडले गेल्याची बातमी त्याला अकलूजच्या छावणीत मिळाली होती, आणि १६९५ ते १६९९ तो भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे माचणूरला, तळ देऊन होता. मग किल्ले घ्यायला बाहेर पडला, एप्रिल १७०० मध्ये सातारा घेतला, त्यानंतर परळी. पावसाळ्यात परत फिरताना फौजेचे हाल झाले. ऑक्टोबरमध्ये सांगोल्याकडच्या खवासपूरला माण नदीच्या पात्रालगत तळ पडला होता आणि रात्रीत पूर आला. तंबू, जनावरं, माणसं वाहून गेली. मराठे चालून आले असं वाटून गोंधळ उडाला, बादशहा धडपडला, गुडघा निखळला आणि तो पुढे कायम लंगडत राहिला.

माण नदी तुम्ही पाहिली असेल तर हसाल. वर्षातले बहुतेक महिने वाळूच असते. कोरड्या पात्राशेजारी तळ देण्याचा निर्णय कोणीतरी घेतला, आणि ज्याला नदी माहीत होती त्याचं म्हणणं वरपर्यंत पोचलं नाही, किंवा पोचायच्या आत रात्र झाली, असं मला वाटतं. 'एम्पायर'मध्ये सैन्य कुठेही, कितीही दिवस, कसंही उभं राहू शकतं. पगाराचे पैसे कापले जातात, बाकी काही नाही. वाळवंट आणि बर्फात माणसं झिजण्याची सोय पुढच्या वर्षी, २०१० च्या 'नेपोलियन'मध्ये आली. रशियाचा हिवाळा दाखवल्याशिवाय नेपोलियनची गोष्ट सांगता येत नाही, हे निर्मात्यांना पटलं. दख्खनचा पावसाळा दाखवल्याशिवाय मराठ्यांची सांगता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

न्याय करायचा तर एक गोष्ट त्यांनी बरोबर पकडली आहे. शत्रूच्या मुलखातली शेतं, गावं, बंदरं शहरापासून वेगळी दाखवलीत. छोटी तुकडी पाठवून ती अडवली की शत्रूचं उत्पन्न तुटतं, त्याला मोठी फौज घेऊन धावत यावं लागतं, तोवर तुम्ही दुसरीकडे. इथे गनिमी काव्याची चव लागते. आणि ती लागते लढाईच्या पडद्यावर नव्हे, नकाशावर. जिथे गटांच्या आकड्यांचा काही संबंध नाही तिथे.

ताबा नुसत्या हुकमानं ठेवता येतो का, असाही प्रश्न आहे. यासाठी माळशिरसकरांना लांब जायला नको. आषाढात माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत जाते. लाखो माणसं, आणि वरून हाक मारणारा सेनापती नाही. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढच्या वेगळ्या, रथामागच्या वेगळ्या. निघताना तीनदा कर्णा वाजतो: पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला आपापल्या जागी, तिसऱ्याला पालखी हलते. संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि टाळ शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, चोपदार तिकडे जातो. हे मला अफाट वाटतं. खालून वर निरोप जाण्याची वाट रचनेतच ठेवलेली आहे. हा सोहळा ज्यांनी लावून दिला ते हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी होते असं सांगतात, त्यामुळे लष्करी शिस्तीशी नातं जोडण्याचा मोह होतो. पण वारी म्हणजे सैन्य नव्हे, आणि इथून तिथे उडी मारायला पुरावा लागेल. मी तुलना करते ती एका मुद्द्यापुरती. गेममध्ये निरोप फक्त वरून खाली जातो. खालून वर येतं ते एकच, लुकलुकणारं पांढरं निशाण, आणि ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

शेवटी निकालाबद्दल. तुम्ही मराठे घेतले नाहीत तरी संगणकाचे मराठे अनेकदा मुघलांना गिळून हिंदुस्थानभर पसरतात, हे खेळणाऱ्यांच्या गप्पांत नेहमी येतं. मग मित्र म्हणतात, 'बघ, गेम बरोबर आहे, इतिहासातही मराठेच वर आले.' इथे सावध व्हा. निकाल जुळला म्हणून कारण जुळलं असं होत नाही. गेममधले मराठे वर येतात ते जवळच्या प्रांतांवर मोठ्या फौजा एकवटून. खरे मराठे त्या दशकात वर आले ते मोठी लढाई टाळून, फौजा पांगवून, किल्ला देऊन आणि पुन्हा घेऊन. दोन उलट्या वाटा एकाच गावाला पोचल्यात. तुमच्या डेटावर मॉडेल छान बसलं म्हणून गाईड खूश झाले, तरी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

तुमच्याकडे गेम असेल तर एक छोटा प्रयोग करून बघा. तीच लढाई, तेच सैन्य, दहा-दहा वेळा दोन प्रकारे खेळा. पहिल्या प्रकारात नेहमीसारखं. दुसऱ्या प्रकारात लढाई थांबवायची नाही, सेनापतीच्या जवळ नसलेल्या गटाला हुकूम द्यायचा ठरला की कागदावर लिहायचा, घड्याळात तीस सेकंद मोजायचे आणि मगच क्लिक करायचं. मधे परिस्थिती बदलली तरी लिहिलेलाच हुकूम द्यायचा. जिंकलात की हरलात एवढंच नोंदवू नका. पहिला गट कोणता फुटला, तो सेनापतीपासून किती लांब होता आणि त्याला शेवटचा हुकूम मिळून किती वेळ झाला होता, हे तीन रकाने ठेवा. तीस सेकंदच का, असं कोणी विचारलं तर उत्तर द्यायची तयारी ठेवा. माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर नाही. पंधरा आणि साठ घेऊनही करून बघा.